बर्लिनमध्ये खोली शोधताना: यावल तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

मी जळगावात जर्मन शिकवते. माझ्याकडे ए१, ए२ (जर्मन भाषेच्या पहिल्या दोन पायऱ्या) करून जर्मनीला गेलेल्या मुलामुलींपैकी एकीचं हे प्रकरण. तिची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नाव, गाव आणि विद्यापीठ दिलेलं नाही. बाकी सगळं घडलं तसं. या प्रकरणात माझाही एक सल्ला चुकला. तो कुठे चुकला हेही सांगणार आहे, कारण तोच सल्ला आजही सर्रास दिला जातो.

पार्श्वभूमी

मुलगी तेव्हा २३ वर्षांची. वडिलांची यावल तालुक्यात साडेपाच एकर केळी, आई घर आणि गोठा बघते, धाकटा भाऊ बारावीत. तिने इंजिनिअरिंगची पदवी चांगल्या गुणांनी घेतली आणि बर्लिनच्या एका सरकारी विद्यापीठात इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्ससाठी तिचा नंबर लागला. सत्र २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू होणार होतं. प्रवेशाचं पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं.

तिथे शिकवणीची फी नव्हती, फक्त सत्रशुल्क, आणि त्यातच तेव्हा बर्लिनच्या ए, बी, सी तिन्ही झोनचा प्रवासपास मिळायचा. म्हणजे खरा खर्च राहण्याखाण्याचा. तो दाखवण्यासाठी व्हिसाच्या आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,२०८ युरो भरावे लागले. युरो तेव्हा नव्वदीला टेकलेला, म्हणजे साधारण १० लाख रुपये. बँकेला शेती तारण चालत नव्हती, म्हणून सावद्याचा एन.ए. प्लॉट तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलं.

या ११,२०८ चा अर्थ घरात सगळ्यांनी एकच लावला: महिन्याला ९३४ युरो, आणि सरकारनेच हा आकडा ठरवला आहे म्हणजे तेवढ्यात भागतं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. पण हा आकडा येतो कुठून ते पाहायला हवं होतं. जर्मन सरकार स्वतःच्या गरजू विद्यार्थ्यांना 'बाफ्योग' नावाची मदत देतं. तिची त्या वेळची कमाल रक्कम महिना ९३४ युरो होती आणि त्यात घरभाड्यासाठी धरलेले होते ३६०. आता ज्या शहरात शेअर फ्लॅटमधल्या एका खोलीच्या जाहिराती साडेपाचशे ते साडेसातशेच्या दरम्यान दिसत होत्या, तिथे ३६० ला खोली फक्त विद्यार्थी वसतिगृहातच मिळू शकते. आणि त्या वसतिगृहाची प्रतीक्षायादी काही सत्रांची असते.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे एकदम हातात येत नाहीत, महिन्याला ९३४ इतकेच सुटतात. पहिल्या महिन्यात भाडं अधिक डिपॉझिट भरायचं म्हटलं तर ते त्या पैशातून होतच नाही. दहा लाख भरलेले, आणि तरी पहिल्या महिन्याला हात रिकामा. हे तिच्या वडिलांना समजावून सांगताना मला फार जड गेलं.

अडचण नेमकी कुठे होती

आपल्याकडे खोली मिळाली की राहायचं, कागदपत्रं होत राहतात. पुण्यात शिकायला गेलेली मुलं असंच करतात. जर्मनीत क्रम उलटा आहे, आणि या प्रकरणाचं सगळं मर्म त्या क्रमात आहे.

घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, पत्त्याची नोंदणी करणं कायद्याने बंधनकारक आहे. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. २०१५ च्या नोव्हेंबरपासून या नोंदणीसाठी घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो: अमुक व्यक्ती अमुक तारखेला माझ्याकडे राहायला आली. नुसता भाडेकरार चालत नाही. नोंदणी झाली की काही आठवड्यांत करक्रमांक टपालाने येतो, तो नोकरी देणारा मागतो. बऱ्याच बँका खातं उघडायला नोंदणीचा कागद मागतात. चालू खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुटून जायचे कुठे? व्हिसाची मुदत काही महिन्यांचीच असते. पुढचा राहण्याचा परवाना काढायलाही हाच कागद लागतो.

म्हणजे खोली, मग दाखला, मग नोंदणी, मग खातं, मग स्वतःचेच पैसे. साखळीतली पहिली कडी निसटली की सगळंच अडतं.

आणि पहिली कडी मिळणं अवघड, कारण घरमालक मागतो गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि 'शुफा' नावाचा पतदाखला. नुकत्याच उतरलेल्या मुलीकडे दोन्ही नसतात. शेअर फ्लॅटमध्ये आधीपासून राहणारे लोक नव्या माणसाला प्रत्यक्ष भेटून निवडतात. यावल तालुक्यात बसून ती भेट कशी द्यायची?

जुलै ते सप्टेंबर: गावातून शोध

प्रवेशपत्र आल्यावर तिने वसतिगृहाचा अर्ज करायला पाच आठवडे लावले. व्हिसाची धावपळ होती आणि मीही आठवण केली नाही. अर्ज गेला तेव्हा उत्तर आलं, नाव यादीत आहे, पण या सत्रात आशा ठेवू नका.

मग जाहिराती. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिथले लोक कामावरून आले की मेसेजला उत्तरं देतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊनंतर. त्या दिवसांत गावात शेतीची वीज रात्रपाळीत होती. वडील ठिबक सुरू करायला लाइट येण्याची वाट पाहत ओट्यावर बसलेले आणि मुलगी आत मोबाइलवर जाहिराती पाहत असलेली, असे कितीतरी आठवडे गेले. दोघंही पहाटे झोपायचे.

तिने पहिले नव्वदएक मेसेज इंग्रजीत, एकच मजकूर सगळ्यांना, असे पाठवले. उत्तरं आली चार, चारही नकाराची. मग आम्ही बसून जर्मनमध्ये दहा ओळींचा मजकूर केला: मी कोण, काय शिकणार, किती दिवस राहणार, स्वयंपाक कसा, सिगारेट नाही, आणि जाहिरातीत त्यांनी लिहिलेल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख. तो प्रत्येक वेळी थोडा बदलून ३५ ठिकाणी गेला. अकरा उत्तरं आली. तिचं जर्मन तेव्हा ए२ होतं, व्याकरणाच्या चुका होत्या, पण समोरच्याने वाचलं. हे जर जुलैतच केलं असतं तर, असं मला आजही वाटतं.

पहिला निर्णय: ८६० युरो पाठवायचे का?

ऑगस्टच्या शेवटी एक जाहिरात सापडली. शार्लोटेनबुर्गसारख्या मध्यवर्ती भागात दोन खोल्यांचा सजवलेला फ्लॅट, हीटिंग धरून ४३० युरो. मालकाचा ईमेल फार सभ्य होता. तो डॉक्टर आहे, आयर्लंडला बदली झाली, फ्लॅट रिकामा आहे, चांगल्या विद्यार्थिनीला द्यायचा आहे. एक महिन्याचं भाडं आणि तेवढंच डिपॉझिट असे ८६० युरो पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. पसंत पडलं नाही तर पैसे परत. सोबत पासपोर्टची प्रत.

मुलगी इतकी थकलेली होती की तिने पासपोर्टची प्रत पाठवूनही टाकली. ७५ हजार रुपये मामाकडून उसने आणायचं ठरलं. रात्री अकराला मला फोन आला.

मी तीन प्रश्न विचारायला सांगितले. व्हिडिओ कॉलवर घर दाखवाल का? खिडकीतून रस्ता दाखवाल का? खालच्या टपालपेटीवर कुणाचं नाव आहे? मालक म्हणाला, मी आयर्लंडला आहे, शक्य नाही. मग तिची बर्लिनमधली मैत्रीण जाऊन बघेल, असं लिहायला लावलं. अशी मैत्रीण नव्हती, पण उत्तर बघायचं होतं. उत्तर आलं, दुसरी पार्टी तयार आहे, उद्या सकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर फ्लॅट जाईल.

निर्णय शेवटी वडिलांनी घेतला. त्यांनी फोन हातात घेतला आणि मला म्हणाले, "मॅडम, बाग पाह्यल्याशिवाय कोनी इसार देते का? व्यापारी बांधावर उभा राह्यते, घड हातानं उचलून पाह्यते, मंग भाव बोलते. हा मानूस मले बाग न दाखवता पैसे मांगून राह्यला." पैसे गेले नाहीत. फ्लॅटचे फोटो आम्ही नंतर इंटरनेटवर शोधले तर तेच फोटो दुसऱ्या देशातल्या एका सुट्टीच्या घराचे निघाले.

पासपोर्टची प्रत मात्र गेलीच होती. तिच्यापासून पुढे काही त्रास झाला नाही, पण त्या प्रतीवर आडवी रेघ मारून 'फक्त भाड्याच्या अर्जासाठी' आणि तारीख लिहायला हवी होती. घर पाहण्याआधी ती द्यायची गरजच नव्हती.

निघताना समोर असलेले पर्याय

व्हिसा २० सप्टेंबरच्या सुमारास आला. तिकीट २ ऑक्टोबरचं. हातात चार वाटा होत्या.

एक, विद्यार्थ्यांसाठीचं खाजगी निवास. एका माणसाची खोली, सगळं धरून ७९० युरो, किमान सहा महिन्यांचा करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट. नोंदणी होते. ९३४ मधले ७९० भाड्यात गेले की आरोग्य विम्याचे शंभरहून अधिक काढून खायला काहीच उरत नाही.

दुसरी वाट, आपल्याकडच्याच काही मुलांनी घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट. तिथे गाद्या टाकून सहा जण राहत. दोन मुली एका खोलीत होत्या, तिसरीची जागा होती. २८० युरो, डिपॉझिट नाही. पण घरमालकाला फक्त दोघांची माहिती. पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी लागते आणि ती घेतलेली नव्हती, म्हणून दाखला मिळणार नव्हता. नोंदणी नाही.

बेर्नाऊला, म्हणजे एस२ लोकलचं शेवटचं स्टेशन, शहराबाहेर पण पासच्या सी झोनमध्ये, एका शेअर फ्लॅटमधली खोली ४३० ला मिळत होती. नोंदणी होणार होती. मात्र १ नोव्हेंबरपासून.

आणि चौथी, काहीच न ठरवता जायचं, हॉस्टेलमध्ये उतरायचं आणि तिथून शोधायचं.

मी चौथ्या वाटेचा सल्ला दिला. "तिथे गेलीस की मिळेल. समोर भेटल्यावर लोक नाही म्हणत नाहीत." हाच तो चुकलेला सल्ला. भेटून खोली मिळते हे खरं आहे, पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये नवे विद्यार्थी एकाच वेळी उतरतात, आणि हॉस्टेलमधला एक बंक त्या दिवसांत ४० युरोच्या खाली मिळत नव्हता. माझ्या डोक्यात काही वर्षांपूर्वी गेलेल्या मुलांचा अनुभव होता, आणि ती गेली होती लहान शहरांत, एप्रिलच्या सत्राला.

आईचं म्हणणं वेगळं होतं: आपली माणसं आहेत, भाकरी-भाजी मिळेल, रात्री पोर एकटी नसेल. हे म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं.

पहिले तीन आठवडे

ती चार रात्री हॉस्टेलमध्ये राहिली, १७० युरो गेले, आणि मग त्या गाद्यांच्या फ्लॅटमध्ये गेली.

त्या मुलांबद्दल मला कुणाला वाईट बोलू द्यायचं नाही. एक जण तिचं सामान घ्यायला हॉस्टेलपर्यंत आला. सिमकार्ड, पास, स्वस्त दुकान, सगळं त्यांनीच दाखवलं. पहिल्या रविवारी त्यांनी खिचडी आणि लोणचं समोर ठेवलं तेव्हा ती आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. फसवणूक कुणीच केली नव्हती. त्या जागेत एक कागद नव्हता, एवढंच.

त्या कागदाशिवाय काय झालं ते असं. तिने नोंदणी न मागणाऱ्या एका ऑनलाइन बँकेत खातं उघडलं. कार्ड आणि पिन टपालाने येणार होते. जर्मनीत इमारतींमध्ये फ्लॅटना सहसा क्रमांक नसतात. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. मालकाला संशय नको म्हणून त्या पेटीवर दोनच नावं होती. कार्ड परत गेलं. पुन्हा मागवलं, पुन्हा परत गेलं. आमच्याकडे पोस्टमन वडिलांच्या नावावर, नाहीतर 'केळीवाले' एवढ्यावरही घर शोधून काढतो. तिथे पेटीवर नाव नाही म्हणजे तो माणूस तिथे राहतच नाही.

कार्ड नाही म्हणून खात्याची पडताळणी अर्धवट राहिली, आणि ऑक्टोबरचे ९३४ सुटले नाहीत. फॉरेक्स कार्डवर दीड हजार युरो होते, ते हॉस्टेल, गादीचं भाडं, पुस्तकं, जॅकेट यात उतरत गेले. एका बेकरीत आठवड्याला १६ तासांचं काम मिळत होतं, त्या वर्षीच्या किमान वेतनाने तासाला १२ युरो. मालकिणीने करक्रमांक मागितला, आठवडाभर थांबली, मग दुसरीला घेतलं.

१९ ऑक्टोबरला तिने घरी फोन करून पैसे मागितले. वडिलांनी मामाकडून, तेच ७५ हजार, या वेळी खरोखर आणले. केळी कापणीला आलेली होती, पण व्यापाऱ्याकडून पैसे यायला अवकाश होता. त्या रात्री वडिलांनी मला विचारलं, "पोरीचे पैसे बँकेत हायेत ना? मंग तिले काहून भेटत नाही?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी ऑगस्टमध्येच द्यायला हवं होतं.

दुसरा निर्णय: ५२० की ४३०?

शोध चालूच होता. जर्मनमधल्या त्या अकरा उत्तरांपैकी एक उत्तर मार्त्सान भागातल्या एका निवृत्त बाईंचं होतं. त्यांचा नातू तीन महिने दुसऱ्या शहरात प्रशिक्षणाला जाणार होता आणि त्याची खोली तेवढ्यापुरती द्यायची होती. अशा तात्पुरत्या भाड्याला तिथे 'त्स्विशेनमीटे' म्हणतात. वीज-हीटिंग धरून ५२० युरो, ५०० डिपॉझिट, २३ ऑक्टोबर ते २० जानेवारी. घर कंपनीच्या मालकीचं, पण बाईंनी कंपनीची लेखी परवानगी घेतली होती आणि दाखल्यावर सही करायला तयार होत्या.

दुसरीकडे बेर्नाऊची ४३० वाली खोली अजून हातात होती. ती कायमची, ही तीनच महिन्यांची. ती स्वस्त, ही नव्वदने महाग. घरच्यांचा कौल बेर्नाऊला. शिवाय मार्त्सान म्हणजे पूर्व जर्मनीच्या काळातल्या सिमेंटच्या उंच इमारतींचा भाग, नेटवर त्याबद्दल काहीबाही वाचून भाऊ घाबरला होता.

या वेळी आम्ही कागदावर हिशोब मांडला. तीन महिन्यांत २७० युरो जास्त. पण मार्त्सानला त्याच आठवड्यात नोंदणी सुरू करता येत होती. बेर्नाऊला १ नोव्हेंबरनंतर. आणि बेर्नाऊ ब्रांडेनबुर्ग राज्यात, म्हणजे परवान्याचं कार्यालयही वेगळं. नोंदणी एक-दोन आठवडे लांबली तर ९३४ चा आणखी एक हप्ता अडकणार, नोकरी आणखी लांबणार. तासाला १२ युरोचं आठवड्याला १६ तास काम एक महिना लवकर मिळालं तरी २७० सहज भरून निघत होते.

तिने मार्त्सान घेतलं. मला या निर्णयाचा अभिमान वाटतो, कारण तो पूर्ण तिचा होता. ती आधी जाऊन जागा पाहून आली. एस७ लोकलने अलेक्झांडरप्लाट्झपासून अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं हे तिने रात्री आठला स्वतः जाऊन बघितलं, आणि जिन्यात भेटलेल्या दोन शेजारणींशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलली.

काय केलं, क्रमाने

राहायला गेल्या दिवशी बाईंनी दाखल्यावर सही केली, आणि नातवाच्या नावाखाली पेटीवर तिचं आडनाव चिकटवलं. ब्युर्गरआम्टची वेळ मिळणं हा बर्लिनमधला वेगळाच वनवास आहे. तिच्या भागातल्या कार्यालयात सहा आठवडे जागा नव्हती. पण शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये नोंदणी चालते आणि रद्द झालेल्या वेळा सकाळी संकेतस्थळावर परत दिसतात. ती तीन दिवस सकाळी आठपासून पान ताजं करत बसली. चौथ्या दिवशी स्पांडाऊची वेळ मिळाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला. गेली. पंधरा मिनिटांत कागद हातात आला. त्याचा फोटो तिने मला पाठवला तेव्हा माझा वर्ग चालू होता. मी सगळ्या मुलांना तो दाखवला.

कार्ड नऊ दिवसांत आलं. नोव्हेंबरच्या मध्याला अडकलेला हप्ता आणि चालू हप्ता दोन्ही सुटले. करक्रमांक नोव्हेंबरच्या शेवटी. डिसेंबरपासून एका गोदामात पॅकिंगचं काम.

खोलीचा ताबा घेताना तिने भिंती, गादी, खिडकीची चौकट, जमिनीवरचा जुना ओरखडा यांचे फोटो काढून बाईंना त्याच दिवशी ईमेल केले. हस्तांतराचा कागद दोघींनी सही केला. हे मी वर्गात शिकवते आणि तिने शब्दशः केलं. जानेवारीत ५०० च्या ५०० परत आले.

बाईंच्या घरचे नियम तिला सुरुवातीला जाचक वाटले. रात्री दहानंतर नळ-मिक्सरचा आवाज नको. हिवाळ्यातही दिवसातून दोनदा खिडकी सताड उघडून हवा बदलायची, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून जातो. खोलीत कपडे वाळवायचे नाहीत. एकदा तिने भरीतासाठी वांगं गॅसवर भाजलं आणि धुराचा अलार्म इमारतभर ओरडला. बाई धावत आल्या, रागावल्या, मग विचारलं की हे करतेस काय. पुढच्या वेळी त्यांनी स्वतः ओव्हनमध्ये वांगं भाजून दाखवलं. चव गावच्या भरीताची आली नाही, पण त्या दिवसापासून दोघी एकत्र जेवायला बसू लागल्या, आणि तिचं जर्मन त्या तीन महिन्यांत वर्गातल्या वर्षभराइतकं सुधारलं.

तिसरा टप्पा

२० जानेवारीची तारीख डोक्यावर होतीच. तिने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून शोध धरला. आता तिच्याकडे नोंदणी होती, पगाराची एक स्लिप होती, आणि बाईंनी लिहून दिलेलं एक पान होतं: भाडं वेळेवर, घर स्वच्छ. विभागातल्या एका सीनिअर मुलीची लिश्टेनबेर्गमधल्या शेअर फ्लॅटमधली खोली रिकामी होत होती. काल्टमीटे, म्हणजे हीटिंग आणि बाकी खर्च सोडून नुसतं भाडं, ३६०. सगळं धरून ४६५. आधीच्या दोघांनी तिला चहाला बोलावलं आणि तासाभराने हो म्हणून टाकलं.

मालकाने तीन महिन्यांच्या काल्टमीटेचं डिपॉझिट मागितलं, १,०८० युरो एकरकमी. तीन महिन्यांचं मागणं कायद्यात बसतं, त्याहून जास्त नाही. पण भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्कही जर्मन नागरी संहितेच्या ५५१ व्या कलमाने दिला आहे. तिने नम्रपणे, कलमाचा आकडा घालून पत्र लिहिलं. मालकाने दोन ओळींत मान्य केलं. ३६० चा पहिला हप्ता भाड्यासोबत, बाकीचे पुढच्या दोन महिन्यांत. या वेळी गावाहून एक रुपयाही मागवावा लागला नाही.

घर बदललं की नोंदणीही बदलायची, तीही दोन आठवड्यांत. आणि रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिना १८.३६ युरो, घरटी एकच असतं. टीव्ही असो वा नसो, भरावं लागतं. मार्त्सानला बाई भरत होत्या, इथे तिघांत वाटून सहाच्या वर थोडं. असे छोटे खर्च कुणी आधी सांगत नाही.

निष्पत्ती

वसतिगृहाच्या यादीतलं नाव तिने दरम्यान टिकवून ठेवलं होतं. तिसऱ्या सत्राच्या तोंडावर, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, खोली मिळाली. सगळं धरून ३२५ युरो. मामाचे पैसे त्याच दिवाळीत फिटले. कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतील, पण तिने व्याज आतापासूनच भरायला घेतलं आहे.

पहिल्या तीन आठवड्यांची किंमत आम्ही नंतर बसून काढली. हॉस्टेलचे १७०, गादीच्या भाड्याचे दोनशेच्या आसपास, हातचं गेलेलं बेकरीचं काम, उसनवारी. पण ती सांगते ते वेगळंच आहे. वर्गात पहिल्या तीन आठवड्यांत काय शिकवलं ते तिला आठवतच नाही.

आज हेच प्रकरण समोर आलं तर

प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज. पाच आठवड्यांनी यादीत किती माणसं पुढे जातात ते कळत नाही, पण जातात.

ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर दोन ते अडीच हजार युरो वेगळे धरायला मी आता प्रत्येक पालकाला सांगते, आणि कर्जाची रक्कम ठरण्याआधी सांगते. नंतर सांगून उपयोग नाही; बँकेत कर्ज वाढवून घेणं हे किती हेलपाट्यांचं काम आहे ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

सप्टेंबरमध्येच, गावात असताना, तात्पुरत्या भाड्याच्या जागांवर भर द्यायला हवा होता. आम्ही दोन महिने कायमच्या खोलीमागे धावलो. कायमची खोली न पाहता कुणी देत नाही, पण नातवाची तीन महिन्यांची खोली व्हिडिओ कॉलवर द्यायला लोक तयार असतात, कारण त्यांचीही धोक्याची मुदत तेवढीच असते. मार्त्सानच्या बाईंचं पहिलं उत्तर सप्टेंबरच्या १२ तारखेला आलं होतं. 'फक्त तीन महिने' म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

गाद्यांच्या फ्लॅटबद्दल आईचं मत बदललेलं नाही आणि मी ते बदलायला जात नाही. चार दिवस उतरायला ती जागा चांगलीच आहे. फक्त पत्र तिथे मागवायचं नाही, आणि तिथून बाहेर पडायची तारीख आधी हातात हवी.

माझ्या वर्गात काल्टमीटे, काउत्सिओन (डिपॉझिट), आनमेल्डुंग हे शब्द पूर्वी ए२ च्या शेवटी यायचे. आता ते ए१ च्या तिसऱ्या महिन्यात येतात, रंग आणि फळांच्या लगेच नंतर, आणि प्रत्येक जण स्वतःच्या ओळखीचं दहा ओळींचं पत्र जर्मनमध्ये लिहून माझ्याकडून तपासून घेतो.

वसतिगृहात जाताना तिने लिश्टेनबेर्गची खोली शिरपूरच्या एका मुलाला मिळवून दिली. फ्लॅटमधल्या दोघांनी त्याला व्हिडिओवर पाहिलं, मालकाने करार पाठवला, दाखल्याची सही आधीच करून ठेवली. तो २०२४ च्या सप्टेंबरअखेर एका रविवारी पोचला. सोमवारी सकाळची स्पांडाऊची वेळ तिने त्याच्यासाठी घेऊन ठेवली होती, आणि तो जिना चढायच्या आधी तिने त्याला खाली टपालपेटीपाशी थांबवलं. त्याचं आडनाव तिथे आदल्या दिवशीच लावलेलं होतं.